तेवीस गेले, बारा राहिले

पाली म्हटलं की बहुतेकांना आधी बल्लाळेश्वर आठवतो. ही ती पाली नव्हे. ही राजगडाच्या पायथ्याची, भोर-वेल्ह्याच्या डोंगरातली. वेल्हे तालुक्याला आता गडाचंच नाव मिळालं आहे. पण या गावाचं नाव गडाला त्याआधी साडेतीनशे वर्षं चिकटलेलं आहे, कारण राजगडाच्या सर्वांत ऐसपैस दरवाजाला पाली दरवाजा म्हणतात. हल्लीची तरुण मंडळी गुंजवण्याच्या बाजूनं, चोरदरवाजाच्या उभ्या वाटेनं चढतात. पालीची वाट त्यामानानं निवांत. रुंद पायऱ्या, मग एक दरवाजा, मग थोडं वर दुसरा. राजमार्गच तो. पालख्या, ओझ्याचे बैल, वकील, जासूद, सगळे इथूनच वर जायचे.

१६६५ चा एप्रिल संपताना या दरवाजावर जो कुणी पहाऱ्याला होता, त्यानं खाली धूर पाहिला असणार.

मिर्झाराजा जयसिंग मार्चच्या सुरुवातीला पुण्यात आला होता. महिनाभरात त्यानं पुरंदरला मोर्चे लावले. पण तो एकाच किल्ल्याला डोकं लावून बसणारा सेनापती नव्हता. दाऊदखान कुरेशीला घोडदळ देऊन त्यानं मावळात सोडलं, आणि काम नेमून दिलं ते किल्ले घेण्याचं नव्हे, किल्ल्यांखालची गावं जाळण्याचं. रोहिड्याच्या आसपास पन्नासेक गावं जळाली. मग हे पथक राजगडाकडे वळलं. पायथ्याच्या वस्त्या लुटल्या, पेटवल्या, आणि गडावरून तोफा सुरू झाल्यावर गुंजण खोऱ्याच्या खिंडीकडे मागे सरकलं. तिथून शिवापूर, तिथून कोंढाण्याचा पायथा. जयसिंगानं हे सारं बादशहाला कळवलं ते कामाचा हिशेब द्यावा तसं, कोरड्या शब्दांत. जळालेल्या घरात बियाणं होतं की नव्हतं, हे अशा पत्रांत कोण लिहितो?

गड अभंग होता. खाली रान पेटलं होतं, आणि वर शिवाजी महाराज होते.

इथून पुढच्या पाच वर्षांकडे आपण जरा घाईनं पाहतो असं मला वाटतं. शाळेच्या पुस्तकात पुरंदरचा तह म्हणजे एक खिन्न पान. ते उलटलं की आग्रा, पेटारे आणि मग तानाजी. मधली जागा रिकामी. माझ्या मते स्वराज्याची खरी परीक्षा त्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत झाली. एखादं राज्य तलवारीनं मोठं होतं हे सगळ्यांना दिसतं. ते तलवार म्यान करून कसं टिकतं, ते पाहायचं असेल तर १६६५ ते १६७० हा काळ पालीच्या पायऱ्यांवर बसून मोजावा.

आधी पुरंदर. वज्रगड १४ एप्रिलला पडला आणि मोगली तोफा पुरंदरच्या माचीच्या तोंडावर आल्या. मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. ते सर्वांना ठाऊक आहे. कमी सांगितलं जातं ते पुढचं. पुरंदरावर नुसते शिपाई नव्हते. स्वराज्याच्या अनेक सरदारांची बायकापोरं तिथं ठेवलेली होती. तह झाल्यावर गडावरून उतरलेल्यांची संख्या सात हजार भरली, त्यांत लढणारे चार हजार. म्हणजे उरलेले तीन हजार लेकुरवाळ्या, म्हातारेकोतारे आणि पोरं. गड हल्ल्यानं पडला असता तर त्यांचं काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको. आणि आपलं कुटुंब शत्रूच्या हाती सापडल्यावर कोणता सरदार उद्या कोणत्या धन्यासाठी लढला असता?

११ जूनला महाराज मोजक्या माणसांनिशी जयसिंगाच्या छावणीत गेले. रघुनाथपंतांनी बोलण्यांची वाट आधीच करून ठेवली होती. जयसिंगानं भेटीचा प्रसंग मोठ्या कसबानं मांडला होता. आपल्या तंबूतून पुरंदरावरचा हल्ला दिसेल अशी व्यवस्था, आणि पाहुणा बसलेला असतानाच दिलेरखान आणि कीर्तसिंग यांना चढाईचा इशारा. समोर माणसं मरत होती. महाराजांनी ती झुंज थांबवायला सांगितली आणि गड देऊ केला. रात्रीपर्यंत घासाघीस चालली. इटालियन प्रवासी निकोलाव मनुची तेव्हा जयसिंगाच्या पदरी होता. त्यानं या छावणीत महाराजांना पाहिलं, त्यांच्याशी बोलणंही झालं.

करार असा. पस्तीस गडांपैकी तेवीस मोगलांना, त्यांच्याखालचा चार लाख होनांचा मुलूखही. महाराजांकडे बारा गड आणि एक लाख होनांचा मुलूख. आठ वर्षांच्या संभाजीराजांना पाच हजारी मनसब. महाराजांनी स्वतः दरबारी चाकरी करायची नाही, मात्र दख्खनच्या मोहिमांत मदत करायची. विजापूरच्या ताब्यातलं कोकण आणि बालाघाट महाराजांनी मिळवावं, त्यापोटी चाळीस लाख होन हप्त्यांनी भरावेत. हे शेवटचं कलम म्हणजे जयसिंगाची खास खेळी. विजापूर आणि शिवाजी यांच्यात कायमची माती कालवली की बादशहाला एका दगडात दोन पाखरं.

महसुलाचे पाचातले चार हिस्से गेले. आकड्यांवरून पाहिलं तर ही शरणागतीच.

पण राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभं राहून पाहावं. उत्तरेकडे कोंढाणा, तो गेला. पूर्वेला पुरंदर आणि वज्रगड, गेले. दक्षिणेच्या अंगाला रोहिडा, गेला. आता पाठ फिरवावी. पश्चिमेला, संजीवनी माचीच्या रोखानं, डोंगराच्या सोंडेनं जोडलेला तोरणा. राहिला. त्यापलीकडे धुरकटलेला रायगड. राहिला. त्याच्या अलीकडचा सुळका लिंगाणा. राहिला. आणि पायाखालचा राजगड. कर्नाळा, माहुली, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हेही गेले, त्यामुळे गणित अगदी रेघ ओढल्यासारखं पूर्व-पश्चिम होतं असं म्हणता येणार नाही. तरी ठळक कल दिसतो तो असा: जिथं मोगली तोफा आणि घोडदळ सहज पोचतं ते बहुतेक दिलं, आणि जिथं सह्याद्री स्वतःच चौकी-पहारा करतो तो गाभा राखला. तोरणा, राजगड, रायगड ही तीन टोकं हाती असली की कानद खोरं, गुंजण मावळ, घाटवाटा आणि खालचं कोकण एकमेकांपासून तुटत नाहीत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरच्या आज्ञापत्रात गडकोटांना राज्याचा प्राण मानलं आहे. ते वाचलेल्या माणसाला प्रश्न पडतो की मग प्राणाचे तेवीस भाग हातानं काढून कसे दिले? मला उत्तर असं सुचतं की गड म्हणजे तट आणि बुरूज एवढंच महाराजांनी कधी धरलं नव्हतं. गड म्हणजे त्यावरची माणसं, त्या माणसांना ठाऊक असलेल्या चोरवाटा, खालच्या गावातून रात्री वर येणारी शिदोरी. तट मोगलांना दिले. बाकी सगळं पुरंदरावरून उतरून घरी आलं. कोंढाण्याचा कडा कुठून चढता येतो, हे ज्ञान तहाच्या यादीत नव्हतं.

जयसिंगालाही थोडा न्याय द्यायला हवा, कारण या गोष्टीत संयमानं वागणारा तो दुसरा. दिलेरखानाला पुरंदर लढूनच घ्यायचा होता, त्याशिवाय त्याची प्रतिष्ठा राहत नव्हती. जयसिंगाचा मार्ग वेगळा. त्यानं येतानाच पोर्तुगीज, सिद्दी, जव्हारचे कोळी राजे, मोऱ्यांचे नातलग अशा सगळ्यांना पत्रं पाठवून महाराजांभोवतीचा हवेचा झरोकाच बंद केला होता. विजापूर आणि स्वराज्य यांच्या मधोमध, सासवडच्या बाजूला तळ टाकला, म्हणजे दोघांना एकत्र येता येऊ नये. तीन महिन्यांत त्यानं जे मिळवलं ते शायिस्तेखानाला तीन वर्षांत जमलं नव्हतं. आणि मिळवलेलं सोडून द्यायचं नसतं हे त्याला कळत होतं, म्हणूनच त्यानं शिवाजीला पूर्ण चिरडण्याऐवजी बांधून घेतलं.

मग त्याच्या हातून चूक झाली, किंवा म्हणा त्याच्या धन्याच्या लोभानं ती करवली. नोव्हेंबरात तो विजापूरवर निघाला. आदिलशाहीनं राजधानीभोवतीचा मुलूख स्वतःच उजाड केला, विहिरी निकामी केल्या, आणि मोठी मोगली फौज शहराच्या जवळ पोचून उपाशी-तहानेली मागे फिरली. मदतीला गेलेल्या महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला तोही फसला, माणसं गेली, आणि नेताजी पालकर उठून विजापूरला मिळाले. हे सांगितलं पाहिजे. महाराजांचा प्रत्येक डाव बरोबर पडला असं नाही. जयसिंगानं स्वतःच्या पदरचा पैसाही या मोहिमेत ओतला. तो बादशहाच्या मर्जीतून उतरला आणि १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. ज्या माणसानं शिवाजीशी तह करून दाखवला त्याला औरंगजेबानं तो तह जपू दिला नाही.

आग्र्याची हकिकत वाचकांना पाठ आहे. ५ मार्च १६६६ ला महाराज राजगडावरून निघाले, १२ मेला दरबारात उभे राहिले, १७ ऑगस्टला निसटले. परतीची तारीख सप्टेंबर की नोव्हेंबर यावर इतिहासकार अजून भांडतात. मला त्यात एकच गोष्ट उचलून धरायची आहे. कैदेत पडल्यावर महाराजांनी पहिलं काय केलं? सोबतची फौज परत पाठवण्याची परवानगी मागितली. वरवर पाहता हा दुबळेपणा. प्रत्यक्षात, सुटायची वेळ येईल तेव्हा मागे ओलीस ठेवायला कमीत कमी माणसं उरावीत ही तजवीज. आणि इकडे राजगडावर? धनी शेकडो मैलांवर कैदेत आणि राज्य जिजाऊंच्या हाती. मोरोपंत, निळोपंत, अनाजीपंत कारभार ओढत होते. इतक्या महिन्यांत गडावर बंड झालं नाही, कुणी किल्ला विकला नाही. मोगली ठाणी चारही बाजूंना होती, तरी उरलेल्या बारातला एकही गड गेला नाही.

परतल्यावर आपण काय केलं असतं? अपमान झाला आहे, पोरगा जीव मुठीत धरून आणला आहे, मनात आग आहे. कोंढाणा राजगडावरून रोज दिसतो. सकाळी ऊन पडलं की स्पष्ट ओळखू यावा इतका जवळ.

महाराजांनी बादशहाला माफीचं पत्र पाठवलं.

इथं थांबायला हवं. पुढची तीन वर्षं मोगलांविरुद्ध मोठी हालचाल नाही. शहजादा मुअज्जम आणि जसवंतसिंग दख्खनला आले, त्यांच्यामार्फत समेट झाला. १६६८ मध्ये बादशहानं महाराजांची राजा ही पदवी मान्य केली. संभाजीराजे मनसबदार म्हणून औरंगाबादेला गेले, बरोबर प्रतापराव गुजर आणि स्वराज्याचं घोडदळ. त्या घोडदळाच्या खर्चासाठी वऱ्हाडात जहागीर मिळाली. म्हणजे मराठी पागा मोगली वऱ्हाडच्या दाण्यावर पोसली जात होती. हा विनोद त्या काळच्या राजगडावर कुणाला सुचला नसेल असं वाटत नाही.

औरंगजेबाला शांतता हवी होती, त्याचंही कारण होतं. इराणच्या शहाकडून स्वारीची धास्ती होती, १६६७ मध्ये वायव्येला युसुफझाईंनी उठाव केला. दख्खनकडे पाहायला त्याला सवड नव्हती. महाराजांना हे कळत होतं, आणि त्या सवडीच्या अभावातून त्यांनी स्वतःसाठी सवड काढली.

तिचं काय केलं? जमिनीची मोजणी आणि वसुलीची घडी बसली ती बऱ्याच अंशी याच काळात, असं अभ्यासक मानतात. सभासदाच्या बखरीत तिचा तपशील आहे: काठीनं शेत मोजायचं, पिकाचे पाच भाग करून तीन रयतेला, दोन सरकारात. नवी रयत येईल तिला गुरंढोरं, बियाणं, खायला दाणा द्यायचा आणि दोन-चार वर्षांत हळूहळू फेडून घ्यायचा. दाऊदखानानं जाळलेल्या गावांना याहून मोठी मदत कुठली? ज्या खोऱ्यात रान पेटलं होतं, तिथं नांगर परत चालू झाला तरच पुढची लढाई लढता येणार होती. राजगडाच्या पायथ्याची माणसं पुढं कडे चढली ती उपाशीपोटी चढली नसतील.

आणि हा संयम म्हणजे निजणं नव्हे. १६६७ च्या नोव्हेंबरात बारदेशात घुसून महाराजांनी पोर्तुगिजांना दणका दिला, डिसेंबरात त्यांच्याशी तह करून टाकला. १६६९ मध्ये जंजिऱ्याला वेढा घातला. हात आवरला होता तो फक्त एका शत्रूपुरता, कारण त्या एकाचंच बळ आपल्या कितीतरी पट होतं. मला वाटतं संयमाची गफलत आपण इथंच करतो. तो स्वभाव असतो असं समजतो. तो निवड असतो, आणि निवड माणसागणिक, शत्रूगणिक, ऋतूगणिक बदलते.

१६६९ च्या अखेरीस समेट फाटला. देवळं पाडण्याचं फर्मान त्याच वर्षीचं. आग्र्याच्या प्रवासखर्चाला दिलेले एक लाख रुपये वसूल करण्यासाठी बादशहानं वऱ्हाडच्या जहागिरीवर हात टाकला. प्रतापराव घोडदळासह वेळीच औरंगाबादहून निघून आले. मोगली फौजेत त्या सुमारास काटकसर चालली होती, कामावरून काढलेले कितीतरी स्वार इकडे चाकरीला लागले. मुअज्जम आणि दिलेरखान तर पुढच्या काही महिन्यांत एकमेकांवरच तुटून पडले.

४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा. तानाजी मालुसरे पडले, गड आला. वीस दिवसांनी राजगडावर राजाराम जन्मले. ८ मार्चला निळोपंतांनी पुरंदर घेतला. लोहगड मेमध्ये. माहुलीला पहिल्या खेपेस यश आलं नाही, जूनमध्ये तो आला. त्याच जूनमध्ये कर्नाळा आणि रोहिडा. चार-पाच महिन्यांत तेवीसातला बहुतेक हिशेब चुकता झाला. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि परतताना वणी-दिंडोरीला दाऊदखानाला उघड्या मैदानात गाठलं. होय, तोच दाऊदखान कुरेशी.

आता एक अडचण. कुणी म्हणेल, हे सगळं आक्रमणच नव्हे काय? मुळात १६६४ ची सुरतेची लूट झाली नसती तर जयसिंग आलाच नसता. खरं आहे. शायिस्तेखानाची बोटं आणि सुरतेची पेठ, या दोन घावांनीच औरंगजेबाला आपला सर्वांत चांगला सेनापती पाठवणं भाग पाडलं. या इतिहासात अहिंसेचा धडा शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही. रशियाच्या कुतुझोव्हनं १८१२ मध्ये मॉस्को सोडून दिलं तेही नेपोलियनवरच्या दयेपोटी नव्हे. फौज राहिली तर मॉस्को परत येईल, मॉस्कोसाठी फौज गेली तर दोन्ही जातील, एवढंच त्याचं गणित. प्रश्न मारायचं की नाही हा नसतो. काय सोडलं तर परत मिळतं आणि काय सोडलं तर मिळत नाही, हे कुणाला ओळखता येतं, हा असतो.

औरंगजेबाला ते ओळखता आलं नाही, आणि त्याचा पुरावा याच डोंगरावर आहे. १७०३ च्या हिवाळ्यात तो स्वतः राजगडावर चालून आला. वय पंचाऐंशी. शिवाजी महाराज जाऊन तेवीस वर्षं झाली होती, संभाजीराजांना त्यानं मारलं होतं, राजाराम वारले होते. समोर ताराबाई. विजापूर आणि गोवळकोंडा त्यानं कधीच गिळले होते. हिंदुस्थानातला सर्वांत मोठा तोफखाना त्याच्याकडे होता. तरी या गडाला त्याला दोन महिन्यांहून अधिक लागले. फेब्रुवारी १७०४ मध्ये खालचा दरवाजा हाती आला, आणि मग किल्लेदारांनी बोलणी करून गड खाली केला. बादशहानं नाव ठेवलं नबीशाहगड. पुढच्या महिन्यात तोरणाही घेतला. त्याआधी सातारा, परळी, विशाळगड, कोंढाणा. काही झुंजून, बरेचसे पैसे चारून. एक घ्यावा तर मागचा हातचा जायचा.

पंचवीस वर्षं तो दख्खनमध्ये किल्ले घेत राहिला. १७०७ च्या सुरुवातीला नगरजवळ भिंगारला वारला तेव्हा दिल्ली त्यानं पाव शतक पाहिली नव्हती. खजिना रिता, फौज थकलेली, आणि मराठे नर्मदेपलीकडे जाऊन खंडणी वसूल करत होते.

त्याच वर्षीच्या २९ मेला गुणाजी सावंत आणि पंताजी शिवदेव राजगडावर चढले आणि गड परत घेतला. नबीशाहगड हे नाव पावसाळ्याच्या आधीच विसरलं गेलं. पालीत तेव्हा पेरणीची तयारी चालली असेल.